पहिल्या पावसातील पोते

मृगाचा पहिला सडका पाऊस कोसळला की त्याच रात्री आमच्या धर्मग्रामातील खाचरांतून बॅटऱ्या फिरू लागतात. पूर्वी पेट्रोमॅक्स असत, आता डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या आहेत, एवढाच फरक. खांद्यावर गोणपाटाचे पोते, पायात काही नाही, आणि चौफेर डराव डराव असा कल्लोळ. बेडूक धरणाऱ्या पोरांना ही रात्र सणासारखी वाटते, हे आम्ही जाणतो. जाणतो म्हणजे ऐकून नव्हे. सेमिनरीत जाण्यापूर्वी आम्हीही वडिलांच्या मागून ते पोते वाहिलेले आहे आणि दुसऱ्या दिवशीचे कालवण चवीने खाल्लेले आहे. तेव्हा आज जे लिहीत आहोत ते सोवळ्यात बसून लिहीत नाही.

तेव्हाच्या आणि आजच्या पोत्यांत मात्र फरक पडला आहे. तेव्हा पोते घरी येई. आज ते रस्त्यावर जाते. तिथे घाटाखालून मोटारसायकलवर आलेला माणूस उभा असतो. तो नग मोजतो, पैसे देतो आणि उजाडण्यापूर्वी निघून जातो. गोव्यातील हॉटेलांत याच बेडकाच्या तंगड्या ‘जंपिंग चिकन’ या नावाने ताटात येतात. ज्या पदार्थाला स्वतःच्या नावाने विकण्याची सोय नाही, त्यात काहीतरी लपवायचे आहे हे उघड आहे. सांजांवच्या सणाला, म्हणजे २४ जूनच्या सुमारास, मागणी वाढते आणि मोटारसायकलीही वाढतात.

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका तरुणाला याविषयी बोललो. मिस्सेला न चुकता येणारा, घरी म्हातारी आई, दोन खंडी भाताची जमीन. तो म्हणाला, “फादर, बेडूक काय कुणाच्या बापाचा आहे? जूनमध्ये हाताला काम नाही, तरव्याला खत घ्यायचे आहे. कोंबडी विकली तर चालते, मग बेडूक विकला तर पाप?” प्रश्न सरळ होता आणि आम्हांला त्याच वेळी उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे त्या तरुणाला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

प्रथम हा प्राणी कोण ते पाहू. पोत्यात जातो तो आपला सर्वांत मोठा बेडूक, वीतभर लांबीपर्यंत वाढणारा. उन्हाळाभर तो जमिनीत पुरून घेऊन निपचित पडून राहतो. पहिल्या पावसाने बाहेर येतो. नर लिंबासारखा पिवळाधमक होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात, आणि ओरडून ओरडून माद्यांना बोलावतो. त्याचे वर्षाचे लग्नकार्य त्या चार-सहा रात्रींत उरकते. माणूस त्याला धरतो तोही नेमक्या याच चार-सहा रात्रींत, कारण एरवी तो इतका सहज सापडतच नाही. पोत्यात पडलेली मादी बहुधा अंड्यांनी भरलेली असते आणि एका मादीच्या पोटी अंडी हजारांनी असतात. त्या तरुणाने कोंबडीचा दाखला दिला. कोंबडी आपण पाळतो, खुडुक बसवतो, पिल्ले वाढवतो आणि मग विकतो. इथे मात्र पेरणीचे बी दळून भाकरी केल्यासारखे आहे.

हा बेडूक खातो काय? नाकतोडे, भुंगेरे, अळ्या, उंदराची पिल्ले, आणि भातशेतीचा जुना वैरी जो खेकडा, तोही. बांधाला भोके पाडून रात्रीत खाचर रिकामे करणारा खेकडा काय करतो ते आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. बेडकाला संत ठरवण्याचा आमचा विचार नाही. तो गांडुळेही खातो आणि आपल्याच जातीची लहान पिल्लेही गिळतो. अंदमानात तर हा बेडूक मुळात नव्हता. अलीकडच्या वर्षांत माणसांकडून तो तिथे पोचला आणि तिथल्या मूळ बेडकांवर संकट होऊन बसला. ज्याचे त्याचे घर जिथे आहे तिथेच तो उपयोगाचा. आपल्या खाचरात तो हजारो वर्षांचा बिनपगारी गडी आहे.

या गड्याला आपण एकदा घाऊक भावाने विकून पाहिलेले आहे, आणि तो इतिहास आमच्या तरुणांना माहीत नाही म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण होती. युरोप-अमेरिकेत बेडकाच्या तंगड्यांना चांगला भाव होता. त्यामुळे भारतातून गोठवलेल्या तंगड्यांची निर्यात सुरू झाली आणि वाढत गेली. १९८१ या एका वर्षात चार हजार टनांहून अधिक तंगड्या देशाबाहेर गेल्या. चार हजार टन म्हणजे चाळीस लाख किलो. एका किलोला दहा बेडूक धरले, आणि हा आकडा आम्ही मुद्दाम हात राखून धरला आहे, तरी ते चार कोटी बेडूक होतात. तंगड्या तोडून उरलेले धड पुष्कळदा जिवंतच ढिगावर फेकले जाई. ते वर्णन या पानावर नको.

मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांनी या व्यापाराविरुद्ध नेटाने लेखणी चालवली. त्यांचे म्हणणे शेतकऱ्याला पटेल असेच होते. बेडूक विकून चलन मिळवायचे आणि बेडूक नाहीसा झाला म्हणून वाढलेल्या किडीवर औषधे आणायला तेच चलन घालवायचे, हा कसला धंदा? १९८५ मध्ये हा मोठा बेडूक आणि त्याचा एक भाऊबंद, अशा दोन जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या कराराच्या यादीत आल्या. १९८७ मध्ये भारत सरकारने निर्यात बंद केली. पुढे बांगलादेशानेही तसेच केले.

मग युरोपातील लोकांनी तंगड्या खाणे सोडले काय? मुळीच नाही. फ्रान्सने तर त्याआधीच, १९८० च्या सुमारास, स्वतःच्या देशातील बेडूक विक्रीसाठी धरण्यास बंदी केली होती. आपले बेडूक संपत आले म्हणून ते वाचवले आणि ताट आमच्या खाचरांकडे सरकवले. आमचे दार बंद झाल्यावर तेच ताट इंडोनेशियाकडे गेले आणि आज युरोपला सर्वाधिक तंगड्या तो देश पुरवतो. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील मुख्य गोष्ट हीच आहे. धरणाऱ्याला अडवले की दुसरा धरणारा मिळतो, पण खाणाऱ्याने ताट मागे सारले की मोटारसायकल येतच नाही. घोरपडीच्या तेलाचे, मांडुळाचे असेच आहे. मांडूळ घरात ठेवल्याने गुप्तधन मिळते या भोळसट समजुतीपायी लाखांच्या गप्पा होतात आणि आमच्याच सीमाभागातली पोरे तुरुंगात जातात. मांडुळाला गुप्तधन दिसत नाही, त्याला उंदीर दिसतो. आणि सांध्यांच्या दुखण्याला घोरपडीची चरबी चोळणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या मंडळींनी एकदा सरकारी दवाखान्यात जाऊन यावे. गुण येतो तो बराचसा चोळण्याचा असतो, घोरपडीचा नव्हे.

हे आरोग्याचे पान आहे, म्हणून खाणाऱ्याच्या पोटाचाही विचार करू. आजच्या खाचरातला बेडूक आमच्या लहानपणच्या खाचरातला राहिलेला नाही. तो फवारलेल्या शेतात राहतो, औषधाने अर्धमेले झालेले किडे त्याला आयते सापडतात, आणि त्याची कातडी पाण्यातले बरेवाईट शोषून घेते. जे औषध आपण मुलांच्या हाताला लागू देत नाही, त्याचा अंश याच वाटेने कालवणात येऊ शकतो. शिवाय बेडकाच्या मांसात साल्मोनेला नावाचा हगवणीचा जंतू वारंवार सापडलेला आहे. निर्यातीच्या काळात परदेशी तपासनीस याच जंतूसाठी माल अडवीत. दम्याला किंवा अशक्त मुलाला बेडूक चांगला, असे सांगणारे आमच्याकडे अजून आहेत. त्या मुलाला अंडे द्या, दूध द्या, आणि दम्यासाठी डॉक्टरला दाखवा.

डासांचे काय, असे शाळेतील मुले विचारतात. मोठा बेडूक डासांच्या मागे फारसा लागत नाही, तेवढ्याने त्याचे पोट भरत नाही. पण त्याची पिल्ले पाण्यात डासांच्या अळ्या खातात. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका आणि पनामा या देशांत १९८० च्या दशकापासून एका बुरशीच्या रोगाने बेडूक मोठ्या संख्येने मेले. जिथे ते मेले तिथे पुढील काही वर्षे हिवताप वाढला, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हे वाचताना आम्हांला निर्गम ग्रंथातील मिसर देशाच्या पीडा आठवल्या. तिथे बेडूक मेल्यावर त्यांचे ढीग लागून देशभर दुर्गंधी सुटते, आणि पाठोपाठ येतात त्या उवा-चिलटे आणि माश्या. यातून आम्ही शास्त्रीय सिद्धांत काढत नाही, पण क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

कायद्याविषयी थोडेच लिहितो, कारण भीतीने सुटलेली सवय भीती गेली की परत येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे बेडूक धरणे आणि विकणे गुन्हा आहे, कैद आणि दंड दोन्ही होऊ शकतात. गोव्याचे वनखाते पावसाळा आला की तसा इशारा देत असते. मात्र पकडला जातो तो पोतेवाला. पांढऱ्या चादरीच्या टेबलावर बसून ‘जंपिंग चिकन’ मागवणारा सहसा पकडला जात नाही, आणि याचा आम्हांला राग आहे. तो माणूस पुष्कळदा आपल्याच नात्यातला, मुंबईहून किंवा आखातातून सुट्टीला आलेला असतो. “फादर, वर्षातून एकदाच,” असे तो म्हणतो. बेडकाचेही वर्षातून एकदाच असते.

आता त्या तरुणाच्या खताकडे येतो, कारण ते बाजूला सारून बोलणे खोटेपणाचे होईल. त्याने दोन रात्रींत पोते विकून जे कमावले ते खताच्या एका गोणीला पुरले. ऑगस्टमध्ये त्याच खाचरात कीड आली आणि औषधासाठी त्याने दुकानदाराकडे उधारी केली. बेडूक असते तर कीड आलीच नसती, असे आम्ही छातीठोक म्हणणार नाही. पण उधारी आम्हांला ठाऊक आहे, कारण चिठ्ठी घेऊन तो आमच्याचकडे आला होता. जूनमधील पैशांची अडचण बेडकांनी भागत नाही, ती आपण मिळून भागवायची आहे. धर्मग्रामाच्या पतपेढीने तरव्याच्या वेळी लहान रकमा बिनव्याजी द्याव्यात आणि कापणीनंतर भातात किंवा पैशांत परत घ्याव्यात, अशी सूचना आम्ही मांडली आहे. काही सभासद कुरकुरले. त्यांच्यातले दोघे सणाला बेडूक मागवणारे आहेत, हे त्यांना आम्ही तोंडावर सांगितले आहे, म्हणून इथे लिहिण्यास हरकत नाही.

आणखी एक. लग्नाच्या, रोसाच्या, सणाच्या जेवणाला आम्हांला बोलावता ते प्रेमाने, आणि आम्ही येतो तेही प्रेमाने. पण ज्या घरी बेडूक शिजेल तिथे या वर्षापासून आम्ही प्रार्थना करून पाणी पिऊन परत येऊ. यजमानिणींनी राग मानू नये, आधीच सांगून ठेवले आहे. डाळभात आम्हांला पुरतो.

पतपेढीची सभा मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या वर्गात होईल. ज्यांना तरव्यासाठी रक्कम हवी आहे त्यांनी सात-बाराचा उतारा किंवा मालकाची चिठ्ठी आणावी. जे पोते घेऊन जातात त्यांनी तर अवश्य यावे. कोण कुठल्या रात्री कुठे होता हे तिथे कोणी विचारणार नाही.