केस गळाले, बातमीही गळाली

जानेवारी २०२५. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत डोक्यावरून हात फिरवला की केसांचा पुंजका हातात येई. काही दिवसांत टक्कल. कॅमेरे आले, डोकी दाखवली आणि निघून गेले. संशय आधी पाण्यावर गेला.

मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामासाठी जगाला ठाऊक असलेले, गावात पोचले. रक्ताचे, केसांचे, रेशनच्या गव्हाचे नमुने त्यांनी प्रयोगशाळेत धाडले आणि गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. पिशवीभर गहू तपासायला धाडणं बातमीदारालाही जमलं असतं की!

जपानच्या 'असाही शिंबून' या दैनिकाच्या योकोहामा कार्यालयाने असाच चिवटपणा दाखवला होता. कावासाकी शहराच्या उपमहापौराला लाच म्हणून मिळाल्याचा संशय असलेल्या, रिक्रूट या कंपनीसमूहाच्या शेअर्सचा नाद पोलिसांनी सोडला, बातमीदारांनी नाही. जून १९८८मध्ये बातमी छापली. धागा थेट पंतप्रधान ताकेशितांपर्यंत गेला आणि १९८९मध्ये ते पायउतार झाले.

तालुक्याचा बातमीदार मात्र बहुधा जाहिरातीही गोळा करतो, तेही किरकोळ मानधनावर. गहू कुठल्या गोदामातून आला, कुणी तपासला, हे खोदायचं तर त्याच्यामागे डेस्क हवा: चाचणीचे पैसे देणारा, आठवडाभर दुसरी बातमी न मागणारा.