एकवीसचा डाव आणि गणिताचा तास

पत्ते म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांची काळजी खोटी नाही. पैसे लावून खेळण्याच्या नादात धुळीला मिळालेली घरे थोडी नाहीत. आपल्या संसदेने 2025 साली पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही केला. तरीसुद्धा माझे मत असे की, ‘ब्लॅकजॅक’ हा जुगाऱ्यांचा खेळ गणिताच्या तासाला शिकवावा. अर्थात पैशांविना, केवळ वही-पेन्सिल घेऊन. जुगार का खेळू नये, हे उपदेशापेक्षा आकडेमोडीने लवकर पटते.

खेळ सोपा आहे. राजा, राणी, गुलाम यांचे प्रत्येकी 10 गुण; एक्क्याचा 1 किंवा 11; इतर पत्त्यांचे त्यांच्या अंकाइतके. खेळाडूला दोन पत्ते मिळतात. वाटणाराही दोन घेतो, पण त्यांतील एकच उघडा ठेवतो. 21 च्या जास्तीत जास्त जवळ जायचे. 21 ओलांडले की डाव गेला. खेळाडू हवे तेव्हा थांबू शकतो. वाटणाऱ्याला मात्र 16 पर्यंत पत्ता घ्यावाच लागतो आणि 17 झाले की थांबावे लागते.

समजा, तुमचे 16 गुण झाले. आणखी एक पत्ता घ्याल का? एक्का ते राजा अशा 13 प्रकारांपैकी 6 पासून राजापर्यंतचे 8 प्रकार तुम्हाला बुडवतात. म्हणजे बुडण्याची शक्यता सुमारे 8/13, शेकडा 62 झाली.

आता खरी मेख पाहा. तुम्ही वाटणाऱ्याच्याच नियमाने खेळलात, तर दोघेही शंभरांत सुमारे 28 वेळा 21 ओलांडाल. दोघांनीही ओलांडले, असे 0.28 × 0.28, म्हणजे शंभरांत सुमारे 8 डाव होतील. न्यायाने हे डाव बरोबरीचे. परंतु खेळाडू आधी बुडतो, म्हणून त्याचे पैसे तेव्हाच जातात! एक्का आणि दहा गुणांचा पत्ता एकदम आला, तर खेळाडूला पूर्वापार दीडपट मिळते. पण तेवढ्याने हे नुकसान भरून निघत नाही. येथे कोणी लबाडी केलेली नाही. नफा नियमातच दडलेला आहे.

1956 साली बाल्डविन, कॅन्टी, मायसेल आणि मॅक्डरमॉट या अमेरिकन सैन्यातील चौघांनी साध्या गणकयंत्रांवर या खेळाची उत्तम रीत शोधून प्रसिद्ध केली. आपले 16 असताना वाटणाऱ्याचा उघडा पत्ता 6 असेल तर थांबावे, 10 असेल तर धोका पत्करून पत्ता घ्यावा, अशी ती रीत. तिने नुकसान पुष्कळ घटते; पण साधारणतः वाटणाराच किंचित पुढे राहतो. पुढे गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी 1962 च्या ‘बीट द डीलर’ या पुस्तकात दाखवले की, फाशाला मागचे दान आठवत नाही, पण कॅटला गेलेले पत्ते ‘आठवतात’. चारही एक्के गेले की पाचवा येणार कुठून? गेलेले पत्ते लक्षात ठेवणारा खेळाडू त्यामुळे वरचढ ठरू शकतो. यावर कॅसिनोवाल्यांनी काय केले? अनेक कॅट एकत्र पिसले आणि असे खेळाडू ओळखून त्यांना दार दाखवले!

शिक्षकांना एक सुचवतो. वर्गात 20 जोड्या करा. प्रत्येक जोडीने वाटणाऱ्याच्याच नियमाने 25 डाव खेळावेत. खेळाडू बुडला तरी वाटणाऱ्याने आपले पत्ते पुरे करावेत आणि दोघेही बुडाले, असे डाव मोजावेत. एखाद्या जोडीला असा एकही डाव सापडणार नाही, एखादीला पाच सापडतील. सर्वांची बेरीज मात्र 40 च्या आसपास येईल. पाच-दहा डावांत नशीब दिसते, पाचशे डावांत नियम दिसतो.

जुगारी आपल्या पाच-दहा डावांच्या आठवणीवर खेळतो. पाचशे डावांची बेरीज ज्याने स्वतः मांडली, त्याला ‘आज नशीब जोरावर आहे’ असे सांगून कोणी सहजासहजी फसवू शकणार नाही.