खिडकीशेजारचा डीआय

टॅबलेटवर सिनेमाचं संकलन आणि रंगांचं काम होतं का, हा वाद एव्हाना शिळा झाला. होतं. डिसेंबर २०२२ मध्ये दा विंची रिझॉल्व्ह आयपॅडवर आलं, मे २०२३ मध्ये फायनल कट प्रो. सुरुवातीला कुरकुरायला जागा होती. फायनल कटमध्ये सगळं फुटेज आयपॅडच्याच पोटात कोंबावं लागे आणि एक्स्पोर्ट चालू असताना दुसरं अ‍ॅप उघडलं की काम अडे. वर्षभरात बाहेरच्या डिस्कवरचे प्रोजेक्ट चालू लागले. २०२५ च्या आयपॅडओएस २६ ने लांबणारी कामं मागे चालू ठेवायची सोयही दिली. यंत्राच्या तक्रारी अशा एकेक करून मिटतच जाणार.

पडद्याला तर नावं ठेवायची सोयच नाही. २०२४ चा ओलेड आयपॅड प्रो पडदाभर १००० निट्स उजेड देतो. थिएटरात नेहमीच्या प्रोजेक्टरचा पांढरा रंग असतो जेमतेम ४८ निट्सचा, आणि घोळ इथेच आहे. संकलक प्रगती एक्स्प्रेसमध्ये खिडकीशी बसून रात्रीचा प्रसंग रंगवतोय. काचेवर ऊन आणि त्याचाच चेहरा. अंधारातला नट त्याला दिसत नाही, म्हणून तो सावल्या थोड्या वर उचलतो, मग आणखी थोड्या. गाडीत सगळं झकास दिसतं. थिएटरात मात्र तीच रात्र पांढुरकी, ताकासारखी दिसते. यात सॉफ्टवेअरचा दोष शून्य. डोळा भोवतालच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि आपण जुळवून घेतलंय हे मालकाला सांगत नाही. म्हणून तर ग्रेडिंगच्या खोलीच्या भिंती करड्या रंगवतात आणि मॉनिटरच्या मागे मोजूनमापून मंद दिवा लावतात. आयपॅड प्रोच्या वरच्या मॉडेलांत रेफरन्स मोड आहे. तो लावला की ट्रू टोन, नाइट शिफ्ट, आपोआप कमीजास्त होणारा उजेड, सगळं बंद. उत्तम सोय, पण तो मोड पडद्याला शिस्त लावतो, खिडकीला नाही.

दुसरी गोष्ट बोटांची. कलरिस्टच्या पॅनेलवर तीन गोळे असतात: काळ्यासाठी, मधल्या छटांसाठी, उजळ भागासाठी. दोन्ही हातांनी ते एकदम फिरवताना त्याची नजर चित्रावरून हलत नाही, कारण गोळा कुठे आहे हे बोटाला कळतं. काचेवर बोटाला काहीच कळत नाही. नजर खाली बोटाकडे जाते, पुन्हा चित्राकडे येते, आणि तेवढ्यात आधीचा रंग कसा होता ते निसटतं. रिझॉल्व्हवाल्या ब्लॅकमॅजिकने २०२४ मध्ये छोटं पॅनेल काढलं, त्यात गोळे आहेत आणि आयपॅड उभा करायला खाचही आहे. नुसती काच पुरत नाही, याची यापेक्षा स्पष्ट कबुली कोणती हवी?

आमचं भांडण टॅबलेटशी नाहीच. सेटवर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सकाळचे शॉट जोडून बघावेत, छायालेखकाने दिग्दर्शकाला ‘अशी छटा हवी’ असं तिथल्या तिथे दाखवावं, यासाठी त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. लग्नाचा व्हिडिओ किंवा मोबाइलवरच बघायची मालिका तर खुशाल शेवटपर्यंत त्यावरच करावी. भांडण आहे निर्मात्याच्या हिशेबाशी. मराठी सिनेमाच्या अंदाजपत्रकात डीआय (सिनेमाच्या रंगांचं अखेरचं काम) शेवटी येतो, म्हणजे पैसे संपल्यावर. अंधेरीतल्या स्टुडिओच्या चार शिफ्ट एरवीही दोनवर यायच्याच. आता ‘टॅबवर होतंय की!’ म्हणत त्या दोनही पुसल्या जातात. अंधेरीत आपण भाडं भरतो ते यंत्राचं, असा या मंडळींचा समज. खरं तर ते मोजलेल्या अंधाराचं आणि त्यात शांत बसलेल्या तयार डोळ्यांचं असतं.

रंग पडद्यावर दगा देतात हे मराठी सिनेमाइतकं आधी कुणाला कळलं असेल? प्रभातने १९३३ च्या ‘सैरंध्री’साठी थेट जर्मनी गाठली, तिथे रंगीत प्रती काढल्या, आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. निदान त्यांनी शोध योग्य ठिकाणी घेतला होता. आजचा निर्माता गाडीत बसून फोनवर रफ कट बघतो आणि कळवतो, ‘रात्रीचा सीन जरा उजळ करा ना, काही दिसत नाहीये.’ गाडीच्या काचेतून तेव्हा दुपारचं ऊन आत येत असतं.