पाच मिनिटं थांबा, मग या

तुमसरला मामांची राइस मिल आहे. मिलच्या नावाचं डोमेन, त्यावर पोस्टफिक्सचा मेल सर्व्हर, आणि "घरात इंजिनिअर आहे ना" या एकमेव निकषावर त्याचा ॲडमिन मी. पुण्यात बसून, शनिवारी रात्री.

तर झालं असं. मामांच्या इनबॉक्समध्ये तांदळाच्या चौकश्या कमी आणि लॉटरी, कर्ज नि वजन घटवायच्या गोळ्याच जास्त. म्हणून मी पोस्टग्रे बसवलं. ग्रेलिस्टिंगची ही आयडिया इव्हान हॅरिसने २००३ साली मांडली, आणि ती इतकी सोपी आहे की प्रेमातच पडावं. पाठवणाऱ्याचा आयपी, त्याचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पत्ता हे त्रिकूट पहिल्यांदाच दिसलं की सर्व्हर "४५०" म्हणतो, म्हणजे "आत्ता नाही, नंतर या". खरा मेल सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि परत येतो. व्हायरस लागलेल्या पीसीवरून ढिगाने मेल फेकणारा स्पॅमवाला बहुधा परत येत नाही. मजकूर वाचायची भानगडच नाही! सोमवारी मामांचा फोन, "बाबू, कचरा गेला ना बाप्पा!" आपली कॉलर टाइट :)

पंधरा दिवसांनी दुसरा फोन. धानाच्या भरडाईचं ऑनलाइन टेंडर, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. साडेचारला पोर्टलने मेलवर ओटीपी पाठवला, दहा मिनिटं चालणारा. "काहून नाही येऊन राहिला रे?" असा मामांचा मेसेज मी मीटिंग संपल्यावर पाहिला. मामांनी तीनदा बटण दाबलं होतं. तिन्ही मेल वेगवेगळ्या नेटवर्कमधून आले, म्हणून तिन्ही वेळा अनोळखी. लॉगमध्ये तीन ४५० ओळीने उभे. पहिला ओटीपी पोचला पाच वाजून पाच मिनिटांनी.

मामा काही बोलले नाहीत. नंतर मामींकडून कळलं, त्या हंगामात मिल एकाच पाळीत चालली.

चूक माझीच. पोस्टग्रेमध्ये डिले ३०० सेकंद दिसतो, आणि आपण लोकांना बिनधास्त सांगतो, "फार तर पाच मिनिटं उशीर होईल." पण ती फक्त किमान वाट. प्रत्यक्षात परत कधी यायचं ते पाठवणारा ठरवतो, आणि एसएमटीपीचं स्टँडर्ड, म्हणजे २००८ चं आरएफसी ५३२१, त्याला साधारण निदान अर्धा तास थांबायला सांगतं.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. पाचेक मेल नीट पोचले की पोस्टग्रे त्या सर्व्हरला ओळखीचा मानतं, त्यामुळे रोजच्या व्यापाऱ्यांना काही जाणवत नाही. वाट बघावी लागते ती पहिल्यांदा मेल करणाऱ्याला. आणि धंद्यात पहिल्यांदा मेल करणारा म्हणजे नवीन गिऱ्हाईक! स्पॅम आला की मामा लगेच ओरडतात, न आलेल्या मेलबद्दल कोण ओरडणार?

तरी ग्रेलिस्टिंगच फालतू, असं मी म्हणणार नाही. सरसकट लावणं फालतू. आरस्पॅमडी आधी मेलला गुण देतो आणि संशयास्पद वाटला तरच थांबवतो, ते मला पटतं. स्पॅमवालेही आता चोरलेल्या खऱ्या अकाउंटवरून पाठवतात, आणि ते सर्व्हर परत येतातच. पोस्टग्रेच ठेवायचं असेल तर ज्या पत्त्यावर ओटीपी येतात तो वगळा. त्यासाठी वेगळी फाइल असते. मी ती उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

आता तो पत्ता वगळलाय, आरस्पॅमडीही बसवलाय. मामांनी मात्र पोर्टलवर जीमेलचा पत्ता टाकलाय. मी विचारलं नाही.