चौकोनांतलीं अक्षरें

ज्या घरांत दोसुतीवर फुलीच्या टांक्यानें नांव भरण्याची रीत आहे, त्या घरास ‘पिक्सेल’ टाइपाची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं. कापडाचे चौकोन मोजावे, कांहीं भरावे, कांहीं मोकळे सोडावे. गोलाई दाखवावयाची तर ती पायऱ्यापायऱ्यांनींच दाखवावी लागते. संगणकाच्या पडद्यावरील जुनीं अक्षरें याच जातीचीं. १९८४ सालीं निघालेल्या मॅकिंटॉश यंत्रासाठीं सुझन केअर या विदुषींनीं ‘शिकागो’ इत्यादि टाइप रचिले, ते असेच एकेक चौकोन भरून. पडद्यावर ठिपकेच थोडे, म्हणून ही काटकसर. आतां तें दारिद्र्य सरलें आहे. तरी तीं अक्षरें खेळांत, जाहिरातींत, मुलांच्या सदऱ्यांवरसुद्धां हौसेनें मिरविलीं जातात.

हौस म्हणून तें गोडच आहे. पण बसच्या कपाळावर किंवा आगगाडीच्या फलाटावर दिव्यांचे ठिपके पेटवून जेव्हां मुक्कामाचें नांव लिहितात, तेव्हां ती हौस राहत नाहीं. रात्रीच्या वेळीं एखाद्या वृद्धास त्यावरून आपली गाडी ओळखावयाची असते. येथें देवनागरीची पंचाईत होते. रोमन लिपीचें मोठें अक्षर रुंदीस ५ व उंचीस ७ ठिपक्यांत निभावतें. देवनागरीस एक ओळ शिरोरेषेची, वर वेलांटी-मात्रांस निदान दोन, खालीं उकारास दोन. मग सातांपैकीं मूळ अक्षरास उरल्या किती? दोन!

हदगाव हेंच नांव घ्या. वेलांटी नाहीं, उकार नाहीं, जोडाक्षर नाहीं, सोपें वाटावें. पण ‘द’ची तिरपी शेपटी एखाद्या ठिपक्यानें चुकली कीं, वाचणारा ‘हडगाव’ वाचून मोकळा! जिल्ह्याचें नांव त्याहून कठीण. ‘नांदेड’ यांत ‘द’ आणि ‘ड’ शेजारींशेजारीं, शिवाय डोक्यावर अनुस्वार आणि मात्रा. आमच्या मतें देवनागरीचा असा टाइप करणारानें ‘क’पासून आरंभ न करितां ‘नांदेड’पासूनच करावा, आणि तो साधल्यावर ‘लातूर’चा दीर्घ उकार तपासावा.

या कामीं पुण्याचें नांव घेतलें पाहिजे. १९८८ सालीं तेथें स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें ‘जिस्ट’ नांवाचें कार्ड प्रचारांत आणिलें. मूळ कल्पना कानपूरच्या आय. आय. टी.तली. तें संगणकांत बसविलें कीं, इंग्रजीपुरत्या पडद्यावर आपल्या लिप्या उमटूं लागत.

भरतकाम करणाऱ्या भगिनींस आमची सूचना एवढीच: चौकोनी कागदावर शिरोरेषेस १, वर ३, अक्षरास ७ व खालीं ३ अशा १४ ओळी आंखाव्या. जोडाक्षर असल्यास रुंदी वाढवावी, अक्षर चेंगरूं नये. मग तो कागद भिंतीस लावून, ज्यास तें नांव ठाऊक नाहीं अशा कोणास दहा पावलांवरून वाचावयास सांगावें. तो अडखळला, तर सुई तूर्त बाजूस ठेवावी.