डॅशबोर्डची पट्टी आणि मालकाचा हात

मोटार घरी आली की तिच्याशी आपला संबंध बहुधा किल्ली, पेट्रोल आणि विम्याचा हप्ता एवढ्यापुरताच उरतो. आणि ज्या डॅशबोर्डसमोर आपण दररोज तास-दोन तास बसतो, त्याची पट्टी उन्हाने विटली, तिचा रुपेरी मुलामा पापुद्र्यांनी सुटू लागला, म्हणजे गाडी दुकानदाराच्या स्वाधीन करण्यापलीकडे दुसरी तजवीज आपल्याला सुचत नाही. हे काम ज्याचे त्याने घरी, स्वहस्ते करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याची हद्द कोठे संपते हे हत्यार उचलण्यापूर्वी ओळखले पाहिजे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या गाडीच्या गिअरभोवतीची चौकट काढली, तेव्हा लोखंडी पेचकसाऐवजी प्लॅस्टिकची पाचर वापरून एकेक क्लिप सोडवावी लागते, साबणाच्या पाण्याने धुतल्यावरही राहिलेला पॉलिशचा तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावाचून रंग धरत नाही, आणि ओल्या पॉलिशपेपरने, आधी ४०० व मग ८०० नंबरच्या, अंग घासून, प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर लावून रंगाचे तीन पातळ हात दिले तरच तो टिकतो, हे मला प्रत्यक्ष उमगले. रंग मी बिनचकाकीचा निवडला, कारण चकाकणाऱ्या पृष्ठभागावरची तिरीप नेमकी चालकाच्या डोळ्यांवर येते.

आता हद्दीविषयी. नव्या मॉडेलांच्या मोटारींत चालकाशेजारच्या आसनासाठीही एअरबॅग १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली, आणि ती डॅशबोर्डच्या ज्या भागाआड घडी करून ठेवलेली असते, तो भाग आघाताच्या क्षणी ठरलेल्या रेषेवर उघडावा अशीच त्याची रचना असते. त्यावर लाकडी फळी किंवा जाड पत्रा चिकटवला, तर पापणी लवण्याच्या आत फुगणारी ती पिशवी तोच तुकडा बसणाऱ्याच्या तोंडावर फेकील. सबब जेथे ‘एअरबॅग’ अशी अक्षरे कोरलेली आहेत तेथे, आणि पिवळ्या वेष्टनातील तारांच्या वाटेला, हौशी माणसाने जाऊच नये; आतला कोणताही भाग सोडवण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढून गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा रोख नोंदणी दाखल्यावरील मूळ तपशील बदलणाऱ्या फेरफारांवर आहे. पट्टीच्या रंगाने तो तपशील बदलत नाही, त्यामुळे येथे सरकारी मनाईपेक्षा मालकाच्या विवेकावरच अधिक भिस्त आहे.

कुशल कारागिराच्या हाती हे काम अधिक सुबक होईल, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याच्या विद्येविषयी मला आदर आहे. परंतु ज्याने पट्टी एकदा स्वतः सोडवली, त्याला तिच्यामागे काय दडले आहे हे कळते, आणि दुसऱ्याने केलेले कामही तो जाणत्या नजरेने पारखू लागतो. माझी चौकट परत बसवल्यानंतर आठच दिवसांनी शेजाऱ्यांच्या गाडीत बसलो असता समोरची सागवानी फळी त्याच अक्षरांवर डकवलेली दिसली. दिवाळीपूर्वी मी तिचे कौतुक केले असते, त्या दिवशी मात्र मी त्यांना गाडी तशीच अधिकृत सेवाकेंद्रात नेण्यास सांगितले, आणि फळी उतरेपर्यंत त्यांच्या मुलीला मागच्या आसनावर बसवण्याची विनंती केली.