कामगाराला मराठी शिकवायची, तर पाळीच्या वेळेत

प्रति,
मा. उदय सामंत,
मंत्री, उद्योग व मराठी भाषा, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.



डिसेंबर 2024 पासून उद्योग आणि मराठी भाषा ही दोन्ही खाती आपल्याकडे आहेत. खातेवाटपात अशा जोड्या बऱ्याचदा कुणाच्या ध्यानीमनी नसताना जुळतात. पण या जोडीमुळे वर्षानुवर्षे कुणाच्याच टेबलावर न आलेला एक प्रश्न आपल्या टेबलावर येऊ शकतो. महाराष्ट्रात कामासाठी आलेल्या परप्रांतीय कामगाराला मराठी कोणी शिकवायची, कुठे आणि कोणाच्या वेळात? भाषा खाते म्हणते, मराठी आलीच पाहिजे. उद्योग खाते म्हणते, कारखाना चाललाच पाहिजे. दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या कामगाराला शिकवायचे कोणी, यावर दोन्हीकडे शांतता आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की ही भाषा जिथे काम आहे तिथेच, पाळीच्या वेळेत, पगार न कापता आणि मालकाच्या खर्चाने शिकवली जावी. का, ते सविस्तर लिहितो.

आजवर आपण मराठीचा आग्रह धरला, पण तो परीक्षकाच्या भूमिकेतून. रिक्षाच्या परवान्यासाठी मराठी येणे सक्तीचे करणारे परिपत्रक 2016 मध्ये निघाले आणि 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. 3 फेब्रुवारी 2025 च्या शासन निर्णयाने सरकारी कार्यालयांत मराठीतून बोलणे बंधनकारक झाले, ते योग्यच झाले. त्यानंतरच्या काही महिन्यांत बँकांच्या शाखांमधून आंदोलने झाली आणि मीरा रोडला एका दुकानदाराला मारहाण झाली. परिपत्रक वेगळे, शासन निर्णय वेगळा, मारहाण तर सरळ गुन्हा. या तिन्हींना एका मापाने मोजता येत नाही. तरीही एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते. समोरच्याला मराठी येते का, हे विचारणारे पुष्कळ आहेत. येत नसेल तर कुठे जाऊन शिक, हे सांगणारे कोणी नाही. ज्याच्या हाती पैसा आणि वेळ आहे तो क्लास लावेल, मोबाइलवर शिकेल. ज्याचे बारा तास कारखान्यात आणि उरलेले दहा बाय दहाच्या खोलीत जातात, त्याला आपण फक्त नापास करत आलो आहोत.

हा माणूस कुठे असतो, तर आमच्या मराठवाड्यातही. 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले, तेव्हा राज्याला कळले की जालन्याच्या स्टील कारखान्यांत मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर राबतात. त्या मृत्यूंचे कारण भाषा होती असे मी म्हणणार नाही. टाळेबंदी आणि भूक ही कारणे पुरेशी होती. पण ते मजूर आपल्यात होते आणि आपल्याला दिसत नव्हते. असा मजूर ठेकेदाराबरोबर येतो, ठेकेदाराने दिलेल्या खोलीत राहतो आणि ठेकेदाराच्या तोंडून सगळे ऐकतो. हजेरी किती लागली, उचल किती कापली, पीएफचा नंबर काय, साहेब काय म्हणाले, डॉक्टरने चिठ्ठीवर काय लिहिले: हे सारे ठेकेदाराच्या मुकादमामार्फत त्याच्यापर्यंत येते. मुकादम भला असेल तर ठीक. भला नसेल, तरी मजुराला ते कळायला मार्ग नाही, कारण ताडून पाहण्यासाठी दुसरा कान त्याच्याकडे नाही. मुकादमाची सत्ता नुसत्या पैशाची नसते, ती दुभाष्याचीही असते. कामगार कायदे कितीही चांगले केले, तरी कायदा आणि कामगार यांच्यामध्ये हा एकच माणूस बोलता असेल, तर कायद्याचा अर्थ तोच ठरवणार.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कारखान्यात सगळे हिंदीत चालते, मग मराठी कशाला? मशीनपाशी चालते, हे मान्य. किंबहुना सुरक्षेच्या सूचना तर पहिल्या दिवसापासून कामगाराच्या स्वतःच्या भाषेतच मिळाल्या पाहिजेत. मराठीचा वर्ग हा त्यांना पर्याय होऊ शकत नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमात फलकाची भाषा इंग्रजी आणि बहुसंख्य कामगारांना समजणारी असावी, असे होते. म्हणजे अल्पसंख्य कामगारांनी काय वाचायचे, हा प्रश्न तिथेच लोंबकळत राहिला. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची नवी संहिता लागू झाली आहे. माहिती, सूचना आणि प्रशिक्षण देण्याचे मालकाचे कर्तव्य जुन्या कायद्यात होते, ते तिच्यातही आहे. पण कामगाराचे आयुष्य मशीनपाशी संपत नाही. फाटकाबाहेर सरकारी दवाखान्यातला केसपेपर आहे, पोलीस ठाण्यातला जबाब आहे, कामगार आयुक्तांच्या कार्यालयातला तक्रारअर्ज आहे, मुलाच्या शाळेतली बाई आहे. बांधकाम मजुराला कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची तर 90 दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी ग्रामसेवकासमोर किंवा ठेकेदारासमोर उभे राहून बोलावे लागते. ही सगळी दारे मराठीत उघडतात, आणि ती मराठीतच उघडावीत असा तर आपला आग्रह आहे. मग आत येणाऱ्याला दार कसे ढकलायचे ते दाखवणे ओघाने आलेच.

मराठवाड्याला हे वेगळे सांगायची गरज पडू नये. निजामाच्या राज्यात दरबार, कचेरी आणि विद्यापीठ उर्दूत चालत होते आणि परभणीचा शेतकरी मराठीत बोलत होता. जमिनीचा कागद घरात असूनही त्यावर काय लिहिले आहे ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. तो काळ गेला म्हणावे, तर 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती निजामकालीन कुणबी नोंदी तपासू लागली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात उर्दू आणि मोडी वाचणारे शोधावे लागले. आपल्याच पणजोबांच्या नोंदीसाठी दुभाष्या गाठण्याची वेळ ज्या प्रदेशावर आली, त्याने परक्या भाषेच्या कचेरीपुढे उभ्या राहिलेल्या बिहारी किंवा ओडिया मजुराची अडचण इतरांआधी ओळखायला हवी. (याच इतिहासाचा एक फायदाही झाला. परभणी-जिंतूर भागातला माणूस दख्खनी हिंदी सहज बोलतो आणि बंजारा तांड्यावरची मुले घरी गोरमाटी बोलून शाळेत मराठी शिकतात. मराठी कशी शिकवावी हे पुण्या-मुंबईपेक्षा इथल्या शिक्षकाला अधिक ठाऊक आहे, असे माझे मत आहे.)

आता पाळीच्या वेळेचा मुद्दा. कामगारांसाठी रात्रशाळा ही महाराष्ट्राची जुनी पुण्याई आहे. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये शेतकरी आणि कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. ना. म. जोशींनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून गिरणगावात रात्रीचे वर्ग चालवले. त्या काळी कापडगिरणीतल्या पुरुष कामगाराचा कामाचा दिवस कायद्यानेच 12 तासांपर्यंत जाऊ शकत होता. असा दिवस संपवून जो पाटीसमोर बसत असेल त्याच्या जिद्दीला नमस्कार. पण धोरण जिद्दीवर उभारता येत नाही. दमलेला माणूस झोपतो, आणि त्याने झोपावेच. ज्या शिक्षणाचा फायदा मालकाला, राज्याला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना होणार आहे, त्याची किंमत एकट्या कामगाराच्या झोपेतून वसूल करणे अन्यायाचे आहे आणि निरुपयोगीही. याउलट, जिथे काम तिथे शाळा ही कल्पना आपण मुलांच्या बाबतीत केव्हाच स्वीकारली. साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा निघाल्या. त्या किती टिकल्या, किती कागदावर उरल्या, हा वेगळा आणि दुखरा विषय आहे. पण स्थलांतरित माणूस शाळेकडे येणार नाही, शाळेनेच त्याच्याकडे जायचे असते, हे त्यांनी सिद्ध केले. मुलाच्या बाबतीत पटलेली गोष्ट बापाच्या बाबतीत का पटू नये?

केरळने हा विचार प्रौढांपर्यंत नेला. तिथल्या राज्य साक्षरता मिशनने 2017 मध्ये प्लायवूड कारखान्यांच्या पेरुंबावूरपासून ‘चंगाती’ हा उपक्रम सुरू केला आणि परप्रांतीय मजुरांसाठी ‘हमारी मलयालम’ नावाचे पाठ्यपुस्तकच काढले. मलयाळमचा अभिमान आपल्या अभिमानापेक्षा तसूभरही कमी नाही. त्यांनी तो पुस्तक छापून दाखवला, एवढाच फरक.

कारखानदार म्हणतील, उत्पादनाचे तास जातील. आठवड्याचे कामाचे तास 48 धरले आणि त्यातले दोन वर्गाला दिले, तर चार टक्क्यांच्या आसपास वेळ जातो, तोही वर्ग चालेल त्या सहा महिन्यांपुरता. सूचना न समजल्याने वाया जाणारा माल, थांबणारी मशीन आणि जायबंदी होणारी बोटे यांचा हिशेब कोणी या चार टक्क्यांसमोर मांडत नाही. हंगामी मजूर सहा महिन्यांनी निघून जाईल, मग शिकवून काय उपयोग, असाही सूर निघेल. तो पुढच्या हंगामात आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या कारखान्यात येतो. आणि नाही आला तरी त्या सहा महिन्यांत त्याला दवाखान्यात काय दुखते ते सांगता आले, हे कमी नाही.

याहून गंभीर आक्षेप गावातून येईल, आणि तो माझ्या बोरी गावातूनही येईल: आमची पोरे रिकामी फिरतात, त्यात परप्रांतीयाला शिकवून कायम बसवायचे का? हा राग खरा आहे. उद्योगांत 80 टक्के स्थानिकांना नोकऱ्या देण्याचे धोरण कागदावर असताना फाटकातून आत जाणारी बस वेगळ्याच भाषेत बोलत असते. पण ठेकेदाराला परप्रांतीय मजूर हवा असतो तो काय त्याची भाषा गोड लागते म्हणून नव्हे. तो बोलत नाही, म्हणून हवा असतो. किमान वेतन मागत नाही, युनियनवाल्याशी बोलत नाही, कामगार कार्यालयाचा पत्ता विचारत नाही. त्याचे मुके असणे हीच त्याची स्वस्ताई आहे, आणि ती स्वस्ताई स्थानिक पोराच्या मजुरीला खाली ओढते. त्याला बोलता करा, आणि ठेकेदाराचा त्याला आणण्यातला निम्मा रस संपेल. शिवाय या वर्गांना शिक्षक लागतील. डी.एड. होऊन भरतीची वाट पाहत बसलेल्या तरुणांची आमच्या तालुक्यात वाण नाही.

एक धोका मात्र मी स्वतःहून मांडतो, कारण तो टाळता येण्यासारखा आहे. कारखान्यात परदेशी कामगारांना भाषा शिकवण्याचा जगातला एक गाजलेला प्रयोग हेन्री फोर्डच्या कारखान्यात 1914 मध्ये सुरू झाला. तिथे इंग्रजीबरोबर अमेरिकनपणाही पाजला जाई. पदवीदान समारंभात कामगार आपापल्या देशांचे कपडे घालून एका भल्यामोठ्या कढईत उतरत आणि एकसारखे सूट घालून, हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन बाहेर येत. मराठीच्या वर्गाची अशी कढई होता कामा नये. हजेरी कामगाराच्या मर्जीची असावी, वर्गात न बसल्याने कुणाची पाळी तुटू नये, आणि शेवटी परीक्षा घ्यायचीच तर ती वर्गाची घ्यावी, कामगाराची नव्हे. पाठ्यक्रमात शौर्यगाथेच्या आधी पगाराची चिठ्ठी यावी. ‘माझी हजेरी दाखवा’, ‘हे यंत्र बंद करा’, ‘मला चक्कर येते’, ‘मी यावर सही करणार नाही’ ही वाक्ये पहिल्याच आठवड्यात यावीत. शेवटचे वाक्य अनेक मालकांना रुचणार नाही. म्हणूनच पुस्तक मालकांनी नव्हे, राज्य मराठी विकास संस्थेने तयार करावे.

आणि हा विषय एकतर्फी नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आसपास कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोटकडच्या कारखान्यांवर जातात. तिथे आपला कोयता, म्हणजे ऊस तोडणारे जोडपे, परप्रांतीय असतो. बाळंतपण अडले, बैल आजारी पडला, वजनकाट्यावर वाद झाला, की त्या नवराबायकोलाही मुकादमाचेच तोंड बघावे लागते. सीमाप्रश्नावर दोन्ही राज्ये एकमेकांना काय काय ऐकवतात ते ऐकवोत. पण कर्नाटकाने आपल्या टोळ्यांना फडावर कामापुरते कन्नड शिकवावे, असे पत्र आपण त्यांना पाठवू शकतो. ते पाठवण्याआधी जालन्यातल्या परप्रांतीय मजुरांसाठी आपण काय केले, हे सांगता आले पाहिजे. तोवर गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने टोळी निघण्यापूर्वी दोनचार दिवसांचा कन्नडचा पाठ द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

आपल्याकडून अपेक्षा फार नाहीत. कामगार खाते आपल्याकडे नाही, हे ठाऊक आहे. पण सामूहिक प्रोत्साहन योजनेतून उद्योगांना सवलती देणारा हात आपल्या खात्याचा आहे. ज्या उद्योगाला सवलत हवी, त्याने कंत्राटी कामगारांसह आपल्या परप्रांतीय मनुष्यबळाला पगारी वेळेत किती तास मराठी शिकवली, हे सांगण्याची अट त्या योजनेत घाला. बांधकामांवर एक टक्का उपकर आधीच गोळा होतो. तिथल्या वर्गांसाठी बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाशी बोला. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रे राज्यभर आहेत. लहान कारखान्यांना एकत्र करून तिथे वर्ग भरवता येतील. सुरुवात जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या पाच-दहा कारखान्यांपासून करा, शिक्षक मराठवाड्यातले घ्या, आणि सहा महिन्यांनी ठेकेदारांना नव्हे, त्या कामगारांनाच विचारा की आता हजेरीची वही कोण वाचते. त्यांनी दिलेली उत्तरे, जशी येतील तशी, मराठीतून प्रसिद्ध करा.

आपला,
बोरी (ता. जिंतूर, जि. परभणी) येथील एक नागरिक